रंगांचे सोवळे-ओवळे

आम्हा ड्रॉइंग मास्तरांच्या जमातीत एक सोवळे-ओवळे पाळले जाते आणि ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नाही. पारदर्शक जलरंग सोवळा. अपारदर्शक, म्हणजे पोस्टर कलर किंवा पांढरा मिसळलेला कुठलाही रंग, ओवळा. एलिमेंटरी रेखाकला परीक्षेच्या वर्गात एखाद्या मुलाने पितळी तांब्यावरचा उजेड दाखवायला पांढऱ्याची ट्यूब उघडली की मास्तरांचा आवाज चढतो : "कागद राख रे, पांढरा लावायचा नाही!" पोराला कळत नाही आपले काय चुकले. पेटीत ट्यूब दिली आहे, मग ती वापरायची नाही तर दिली कशाला? प्रश्न रास्त आहे. नोकरीची सगळी वर्षे अंबरनाथच्या शाळेत रंग शिकवण्यात गेली. आता निवृत्त होऊन जांभूळला घरी बसलो आहे, तर या सोवळ्याचा उगम कुठे आहे ते जमेल तसे सांगतो.

आधी रंग झाकतो म्हणजे काय करतो, ते पाहू. आमच्या गावात जुन्या घरांना दिवाळीआधी चुना लावत. कुंचा भिंतीवरून फिरला की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. ओल्या चुन्याखालून मागच्या वर्षीचे डाग, पोरांनी ओढलेल्या कोळशाच्या रेघा, सगळे तसेच दिसत राहते. नवखा माणूस घाबरून दुसरा, तिसरा हात मारतो. जाणता विडी पेटवून बसतो. तासाभरात भिंत पांढरी होते. चुना तोच, जाडी तीच. मधले पाणी गेले आणि त्याच्या जागी हवा आली, एवढाच फरक. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना किती वळतो याचा एक आकडा असतो, शाळेच्या विज्ञानात त्याला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा १, पाण्याचा १.३३, चुन्याचा १.६ च्या आसपास. शेजारी-शेजारी असलेल्या दोन पदार्थांच्या आकड्यांत अंतर जितके जास्त, तितका प्रकाश कणाकणावर अडखळून मागे फिरतो, आणि रंग तितका झाकतो. अंतर मिटले की प्रकाश सरळ आत जातो, रंग काचेसारखा होतो.

यावरून एक गंमत समजते. खडूची भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवून कागदावर लावा, वाळल्यावर ती स्वच्छ पांढरी दिसते, कारण थोडासा डिंक कणांना फक्त धरून ठेवतो आणि मधल्या फटींत हवाच राहते. तीच भुकटी जवसाच्या तेलात मळा. तेलाचा आकडा १.४८, म्हणजे खडूच्या अगदी जवळचा. तेल सगळ्या फटी भरून टाकते आणि हाती येते ती मळकट, अर्धवट पारदर्शक लांबी, जी सुतार खिडकीच्या काचेला लावतो. तेलात झाकायचे तर आकडा मोठा हवा : झिंकचा पांढरा २ च्या आसपास, आणि विसाव्या शतकात आलेला टायटॅनियमचा पांढरा २.७ पर्यंत. म्हणजे पारदर्शकपणा हा रंगाचा कायमचा स्वभाव नाही. तो कशात कालवला, किती दाट लावला, कण किती बारीक दळला, यावर ठरतो. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली बायका तांदळाचे पीठ पाण्यात कालवून गेरूच्या भिंतीवर चौक लिहितात, तेव्हा त्याही ओल्या रेघेवर भरवसा ठेवूनच हात चालवतात. रेघ पांढरी होते ती वाळल्यावर.

आता इतिहास. आपल्याकडची जुनी चित्रकला बहुतेक सगळी झाकणाऱ्या रंगांची आहे. अजिंठ्याचे रंग पाहा : तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि केओलिनसारखे पांढरे, आणि परदेशातून आलेला लाजवर्दी निळा. गिलाव्यावर पांढरा लेप, त्यावर डिंक-सरसात कालवलेले मातीचे रंग. कृष्णवर्णी राजकन्येच्या गळ्यातले पांढरे मोती हे पांढरा रंग टेकवून काढलेले आहेत, भिंत 'राखून' नव्हे. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातल्या भिंती, पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्या, पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी रामायण-महाभारताची चित्रे, सगळीकडे तोच कारभार. हिंगूळ, हरताळ, सफेदा, काजळी; सपाट भरलेला रंग आणि वरून रेघ. पारदर्शक रंग माहीत नव्हते असे नाही. नीळ आणि लाखेचा तांबडा हे वनस्पती-किड्यांपासूनचे रंग पातळच असतात. पण ते वरच्या हाताला, छटेपुरते. चित्राचे अंग झाकणाऱ्या रंगाचेच.

पारदर्शक वॉश मराठी हातात आला तो पुण्यात, पेशवाई चालू असताना. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८० च्या दशकात पुण्यात येऊन राहिला. त्याच्यासाठी गंगाराम तांबट नावाचा चित्रकार काम करी. वेरूळची लेणी, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, पुण्यातली माणसे त्याने कागदावर उतरवली : पेन्सिलीची बारीक रेघ आणि वर पातळ पाणेरी रंग. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला, पुढे शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे गंगाराम त्याच्याबरोबर राबला. वेल्स १७९५ मध्ये साष्टीत तापाने गेला, मॅलेट १७९८ मध्ये परत गेला, आणि गंगारामची चित्रे मॅलेटच्या सामानातून विलायतेला गेली. आज त्यांतली बरीचशी अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांतला गेंडा मी छापील पाहिला. अंगावरच्या घड्या पातळ करड्या रंगाच्या एकावर एक थरांनी उभ्या केल्या आहेत. हा माणूस आडनावाने तांबट, म्हणजे धातूवर हात बसलेल्या जमातीतला. कागदाचा पांढरा कुठे सोडायचा हे त्याला कोणी आणि किती दिवसांत शिकवले असेल!

पण तांबटाची परंपरा पुढे चालली नाही. सोवळे आले ते सरकारी शाळेतून. २ मार्च १८५७ रोजी मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा, रंगांच्या पेट्या विलायती. इंग्लंडमध्ये तेव्हा जलरंग हा आपला राष्ट्रीय वारसा आहे असा अभिमान होता आणि त्यातही 'शुद्ध' जलरंग कोणता यावर वाद होता. विन्सर अँड न्यूटन कंपनीने १८३४ मध्ये चायनीज व्हाइट नावाने झिंकचा दाट पांढरा बाजारात आणला होता, आणि काही जण त्याला लबाडी म्हणत. मौज अशी की, त्याच १८५७ मध्ये जॉन रस्किनने चित्रकला शिकणाऱ्यांसाठी एक पुस्तक लिहिले आणि त्यात पांढरा मिसळून रंगवायचा सल्ला दिला. याला कोणी अवैध म्हटले तर त्यांना सांगा की हे तैलरंगाइतकेच वैध आहे, असा त्याचा सूर आहे. टर्नरसारखा जलरंगांचा बादशहासुद्धा रंगीत कागदावर बिनदिक्कत दाट रंग वापरी. इंग्रजांनी आपले भांडण आपल्या घरी मोकळे ठेवले. आपल्याकडे मात्र त्यातली एकच बाजू नियम होऊन बसली. परीक्षेला नियम लागतात, आणि पातळ रंग तपासायला सोपा : मुलगा चुकला की ते लपत नाही. परीक्षकाला आणखी काय हवे?

जे. जे. च्याच हातून झाकणाऱ्या आणि पारदर्शक रंगाची गाठ अजिंठ्यात पडली, आणि ती महागात पडली. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करत होता. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात राहिले. पेस्तनजी बोमनजी हा त्या विद्यार्थ्यांतला पुढे नावाजलेला चित्रकार. या नकलाही कॅनव्हासवर तैलरंगात. भिंतीवरचा रंग सुका, मॅट, हवेने भरलेला; कॅनव्हासवरचा तेलाने भरलेला, चकाकणारा. आकृती जुळली तरी रंगाची जात जुळणे कठीण होते. त्यात भर म्हणजे, धुरकटलेल्या भिंतीवरचे रंग नीट दिसावेत म्हणून नकला करताना मूळ चित्रांवर व्हार्निश लावले गेले. वर सांगितलेली लांबीची गोष्ट आठवा. व्हार्निश फटींत शिरले, हवा गेली, रंग एका क्षणात गडद आणि ताजे दिसू लागले. नकलाकार खूश झाले असणार. काही वर्षांत तेच व्हार्निश पिवळे पडले आणि चित्रे आधीपेक्षा काळवंडली. निजाम सरकारने १९२० मध्ये बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनीही सुटे पोपडे बसवायला लाखेचा थर दिला. तोही कालांतराने पिवळा पडला, आणि पुरातत्त्व खात्याला हे थर उतरवण्यात पुढची कित्येक वर्षे घालवावी लागली. ग्रिफिथ्सच्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या, तो दैवाचा वेगळाच फेरा.

हे सगळे म्हटले तरी पारदर्शक रंगाने मराठी चित्रकाराला जे दिले ते थोडेथोडके नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. मधून व्हाइसरॉयचे सुवर्णपदक घेऊन परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट यांच्यावर पाणी आणि उजेड असा पसरत राहिले, की त्यांच्या छोट्या निसर्गचित्रांत हवा मोजता येते. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांचे काम आहे. रावबहादुर धुरंधर जे. जे. त विद्यार्थी म्हणून आले ते १८९० मध्ये आणि पुढे त्याच संस्थेच्या प्रमुखपदापर्यंत गेले. बायकांच्या नऊवारीच्या निऱ्या पातळ रंगाच्या दोन हातांत काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे.

आणि सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडीचे. १९०८ मध्ये मुंबईत स्वतःचा चित्रकलेचा वर्ग काढला, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत पुढे होते. त्यांचे हातात दिवा घेतलेल्या तरुणीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते १९४५-४६ च्या सुमाराचे. समोर उभी राहिली होती त्यांची मुलगी गीता. पाहायला येणारे कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचे समजून जातात. रविवर्मा १९०६ मध्येच वारले होते, आणि हे तैलचित्रही नाही, जलरंग आहे. हळदणकरांना तेच दाखवायचे होते, की तैलरंगात जे होते ते पाण्यातही होते, आणि तेही चूक झाकायची सोय नसताना. एका हाताने ज्योत अडवली आहे, बोटांच्या कडांतून तांबूस उजेड पाझरतो, चेहऱ्यावर खालून चढतो. हा उजेड कुठून येतो? पारदर्शक रंगात प्रकाश थरातून आत जातो, कागदाला लागून परततो आणि बाहेर येताना पुन्हा त्याच थरातून येतो. एकच रंग तो दोनदा प्यायलेला असतो. म्हणून पातळ पिवळा आतून पेटल्यासारखा दिसतो. झाकणाऱ्या रंगावरून प्रकाश वरच्यावरच परततो. हे चित्र पोस्टर कलरमध्ये करून पाहा, दिवा विझेल. या एका चित्रापुरते मी सोवळे मान्य करतो.

पण एवढ्यावरून पोस्टर कलरला शेवटच्या बाकावर बसवायचे कारण नव्हते. त्याला तिथे बसवले ते पोटापाण्याने. १९३० च्या दशकाच्या मध्यावर जे. जे. मध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग निघाला, १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. जाहिरात, मुखपृष्ठ, सिनेमाचे पोस्टर यांना वेळेत, सपाट, छापता येईल असा आणि मालकाने म्हटले की दुरुस्त करता येईल असा रंग हवा. तो पोस्टर कलर. तेव्हापासून पातळ रंग 'कलेचा' आणि दाट रंग 'धंद्याचा' अशी वाटणी झाली. शासकीय रेखाकला परीक्षेतही वस्तुचित्र पारदर्शक जलरंगात आणि संकल्पचित्र पोस्टर कलरमध्ये, असाच रिवाज बसला. एकाच मुलाच्या एकाच पेटीत दोन बिऱ्हाडे.

आता मला विचाराल तर मराठी घरात चित्र म्हणून जे शिरले ते या ओवळ्या रंगानेच. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा अंक सुरू केला. त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या बायकांचे सपाट, ठसठशीत रंग पाहत एक पिढी वाढली. रघुवीर मुळगावकरांनी हवेच्या पिचकारीने दाट रंगाचा असा मऊ फवारा मारला की त्यांचे देव आणि देवी प्रत्येक चाळीतल्या भिंतीवर गेल्या. आमच्या घरी एका किराणा दुकानाच्या कॅलेंडरावरचा त्यांचा दत्त तारखा फाडून झाल्यावरही वर्षानुवर्षे लटकत होता. हळदणकरांचे मूळ चित्र पाहायला म्हैसूर गाठावे लागते. मुळगावकर स्वयंपाकघरात होते.

आणि यातली खरी खुबी छापखान्यात आहे. दलाल-मुळगावकरांनी रंगवले झाकणाऱ्या रंगात, पण ते घरोघर गेले ते पारदर्शक शाईतून. चार रंगांची छपाई चालते ती पिवळी, किरमिजी आणि निळी शाई एकमेकींतून दिसतात म्हणूनच. पिवळ्यावर निळी पडली की हिरवा दिसतो. शाई झाकणारी असती तर शेवटचा रंग तेवढा उरला असता. त्याआधी रविवर्मा प्रेसमध्ये हेच काम दगडांवर चाले, एकेका चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पाच वर्षांनी मळवलीला हलला, म्हणजे आमच्या बदलापूर-कर्जतच्या लोहमार्गाने घाट चढून लोणावळ्याच्या पलीकडे.

आमच्या पंचक्रोशीत पारदर्शक रंगाचा आणखी एक धंदा होता आणि तो कुठल्याही कलेच्या इतिहासात येत नाही. उल्हासनगर ही फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून वसलेली नगरी. तिथले आणि कल्याणचे फोटो स्टुडिओ रंगीत फिल्म परवडत नव्हती तोवर काळ्या-पांढऱ्या फोटोंना हाताने रंग देत. काडीला कापूस गुंडाळून नवरीच्या ओठांवर लाली, शालूवर हिरवा, दागिन्यांवर पिवळा. रंग पारदर्शकच लागे, कारण खालचा फोटो दिसला पाहिजे, नाहीतर माणूसच पुसला जाईल. ते रंग देणारे लोक कुठल्याही परीक्षेला बसले नव्हते. पण पातळ रंगाची त्यांना असलेली जाण माझ्या अ श्रेणीत पास झालेल्या पोरांत क्वचितच दिसली.

वर्गात मी शेवटी शेवटी व्याख्यान देणे सोडले होते. कागदावर वॉटरप्रूफ काळ्या शाईने एक जाड रेघ मारायला सांगायचो आणि पेटीतली प्रत्येक ट्यूब त्या रेघेवरून आडवी ओढायची. प्रशियन ब्ल्यू, क्रिमझन लेक, गॅम्बोज यांच्याखालून रेघ जशीच्या तशी दिसते. यलो ऑकर, व्हर्मिलियन तिच्यावर धूळ बसवतात. पोस्टरचा पांढरा ती गिळतो. चांगल्या प्रतीच्या ट्यूबवर छोटा चौकोन छापलेला असतो, रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे झाकणारा. पण रेघेने पटते तसे चौकोनाने पटत नाही. जूनमध्ये हाच प्रयोग जांभळाच्या रसाने करायचो. इथे जांभळाला तोटा नाही. रस ही ट्यूबमधल्या दळलेल्या कणांची गोष्टच नव्हे, तो पाण्यात विरघळलेला रंग, रेघेवरून गेला तरी रेघ ढिम्म हलत नाही. त्यात चुन्याची निवळी टाकली की जांभळा निळसर-हिरवा होतो आणि पोरे ओरडतात. हाच कागद खिडकीत उन्हात ठेवला की दिवाळीपर्यंत मळकट तपकिरी डाग उरतो. क्रिमझन लेकचीही जुनी जात अशीच उडणारी होती. पारदर्शक रंगांचे सौंदर्य बहुतेकदा असे उसने असते, हे सोवळे पाळणारे सांगत नाहीत. गेरू, चुना आणि काजळी मात्र अजिंठ्यात दीड हजार वर्षे टिकली, त्यांना बाधा झाली ती वर चढवलेल्या काचेसारख्या थराची.

रंग कमी-जास्त प्रतीचा नसतो, कामाचा किंवा बिनकामाचा असतो. परीक्षकांनी वस्तुचित्रात पांढरा दिसला की गुण कापायची सवय आता सोडावी. तो जागेवर बसला आहे की नाही तेवढे पाहावे. आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी आजोबांच्या काळातले हाताने रंगवलेले मुखपृष्ठाचे मूळ चित्र, पोस्टर कलरमधला देखावा किंवा जुन्या पोथीतली चित्रे असतील, तर चमक यावी म्हणून त्यावर व्हार्निश किंवा कुठलेही तेल लावू नका. काच चित्राला चिकटू न देता मध्ये माउंटची पट्टी घालून फ्रेम करा. जलरंगाचे चित्र असेल तर ते ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर न्या.